राखलेले दोन मिलिमीटर

रेडीमेड किटला मी जन्मभर शिव्या घातल्या. डब्यात बंद होऊन येणारा सिलिंडर, त्याच्यासोबत पिस्टन, हेड, गॅस्केट आणि ते कसं बसवायचं याचा कागद. म्हणजे बसवणाऱ्याला अक्कल लागायलाच नको. माझा धंदा बोअरिंगचा. इंजिनाचा सिलिंडर आतून कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवून द्यायचा. चाळीस वर्षं हे केलं. या चाळीस वर्षांत कुणी किटचा डबा बगलेत मारून माझ्या दुकानात आला, तर मी त्याला बस म्हटलं नाही. तोच मी त्या शनिवारी सकाळी माझ्या पोटच्या मुलीसमोर बसून किटचे गोडवे गात होतो.

"अगं, तयार किटच घे," मी म्हणालो. "नवाकोरा सिलिंडर, आतून मुलामा दिलेला. झिजत नाही, अडकत नाही. आपला जुना काढायचा आणि द्यायचा भंगारात."

तिने चहाचा कप ठेवला, उठली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप तर नाही," ती म्हणाली. "मग बाबा, झालंय काय तुम्हाला?"

हिला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागली तेव्हापासून एका जागी ठरली नाही, म्हणून हिच्या आईनेच ते नाव ठेवलं. आता तेहतीस वर्षांची आहे. गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तिथे तिच्या सहीशिवाय एक दातेरी चाक पुढे सरकत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली जी टू-स्ट्रोक गाडी अकरा वर्षं उभी होती, ती तिची. मातीतल्या शर्यतीची, एकशे पंचवीस सीसीची, सायलेन्सर पोटाशी फुगलेला, सीट घोड्यासारखी उंच. कारखान्यातल्या तिघी मैत्रिणी रविवारी टेकड्यांवर गाड्या घेऊन जातात म्हणे. हिच्याही अंगात आलं होतं.

"शर्यत नाही हं," तिने आल्या आल्या सांगितलं होतं. "नुसतं हिंडायला. शर्यतीचं आणि माझं काय ते मिटलंय."

प्रश्न एवढाच होता की इंजिनाचं काय करायचं. अकरा वर्षं उभं राहून सिलिंडरला आतून गंज धरला असणार. एक तर बाजारातलं मोठ्या बोअरचं किट घ्यायचं, अठ्ठावन्न मिलिमीटरचं, एकशे चव्वेचाळीस सीसी होणारं. नाहीतर आपलाच जुना सिलिंडर, जो मी तेव्हा कापून अठ्ठावन्नचा केला होता, तो पाव मिलिमीटर आणखी कापून साफ करायचा आणि त्यात अठ्ठावन्न पॉइंट पंचवीसचा पिस्टन घालायचा. तिने दोन्हींचा अभ्यास करून ठेवला होता. किट हलकं, तापणं कमी, पण उद्या अडकलं तर दुरुस्ती नाही, सरळ नवं आणा. जुन्यात लोखंडी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी. जड, पण कधीही परत कापता येते. सगळं बरोबर बोलत होती. माझ्याच बाकावर शिकलेली पोर.

"किटच," मी पुन्हा म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "जुनाच कापायचा. परवा तुमचं मशीन जाणार. तुमच्या हातचं शेवटचं बोअर माझ्या गाडीचं असायला हवं." आणि पिशवीतून तिने पिस्टनचा डबा काढून बाकावर ठेवला. अठ्ठावन्न पॉइंट पंचवीस. मला खूश करायला आधीच आणून ठेवला होता.

मशीन मी विकलं होतं हे खरं. उजवा हात थरथरतो आणि डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक रेघा एकीच्या दोन दिसतात. अशा माणसाने दुसऱ्याच्या सिलिंडरला हात लावू नये. पण किटचा आग्रह मी धरला तो त्यामुळे नव्हे.

आता सांगूनच टाकतो. त्या सिलिंडरमध्ये अठ्ठावन्न नव्हतं. छप्पन होतं. सगळ्या जगात हे एका माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस किटची जाहिरात करत बसला होता.

अकरा वर्षांपूर्वी भिंगरी बावीस वर्षांची होती. गाडीवर ती अशी बसायची की खालची जमीन तिच्या सल्ल्याने वाकतेय असं वाटावं. त्या वर्षी एका कंपनीचा शर्यतीचा संघ निवडायचा होता. मोठी शर्यत, दीडशे सीसीपर्यंत मुभा, पहिले तिघे संघात. तेविसाच्या आतलेच घेणार, म्हणजे तिची ही पहिली आणि शेवटची संधी. मूळ इंजिन चोपन्नचं. तिच्यासमोर दोन पर्याय होते: छप्पन करायचं किंवा अठ्ठावन्न. छप्पनमध्ये इंजिन थोडं दांडगं होतं, पण स्वभाव तोच राहतो. अठ्ठावन्नमध्ये खालपासून ओढ येते. चढावर थ्रॉटल उघडला की गाडी पुढचं चाक उचलून उभी राहते. तिने महिनाभर विचार केला. शेवटी म्हणाली, "अठ्ठावन्न. शेवटचा चढ लांब आहे. तिथे छप्पन धापा टाकेल."

आणि तिचं बरोबर होतं. मला तेव्हाही माहीत होतं की तिचं बरोबर आहे.

पण त्याच्या दोन महिने आधी एका दूधवाल्याची गाडी मी अठ्ठावन्न करून दिली होती. भला माणूस. सकाळी कॅन पोचवायचा आणि दुपारी टेकडीवर उड्या मारायचा. एका उडीनंतर तो गाडीखाली आला. मांडीचं हाड दोन ठिकाणी. मी त्याला बघायला गेलो तर त्याने उशीखालून एक्स-रे काढून मला दाखवला, लग्नाचा फोटो दाखवावा तसा, हसत हसत. माझ्या डोळ्यांपुढून तो एक्स-रे हलेना. भिंगरी म्हणाली, "बाबा, तो हवेत असताना घाबरला आणि उतरताना पुढचा ब्रेक दाबला. इंजिनाचा काय दोष?" माझ्या बायकोला विचारलं, तर मला वाटलं ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "पोरगी तुमच्यापेक्षा शहाणी आहे. मागतेय ते द्या आणि गप्प बसा." म्हणजे दोष द्यायला मला घरात दुसरं कुणी उरलं नाही. जे केलं ते मी केलं.

तिची परीक्षा चालू होती म्हणून काम मी एकट्याने केलं. स्लीव्ह अठ्ठावन्नपर्यंत कापता येईल अशी जाड आणली, तीच दाबून बसवली. पिस्टनही अठ्ठावन्नचा आणून ठेवला. मशीन लावलं. चोपन्न, पंचावन्न, छप्पन. छप्पनवर मी मशीन बंद करून माप घेतलं आणि पुन्हा चालू केलंच नाही. अर्धा तास नुसता उभा होतो. मग सायकल काढली, बाजारात गेलो आणि छप्पनचा पिस्टन घेऊन आलो. हेडही त्याच मापाचं कापलं.

कुणी म्हणेल, मेकॅनिकची मुलगी, तिला कळलं कसं नाही? याला कारण माझं दुकान. माझं माप कुणी पुन्हा घेत नसे. लांबून लांबून सिलिंडर यायचे, मी तोंडाने आकडा सांगायचो आणि माणूस डोळे मिटून पिस्टन आणायला जायचा. दुसरा गेज लावून पाहणं म्हणजे माझा अपमान, असं मीच सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. तिलाही. लहानपणी एकदा तिने माझ्यामागून सिलिंडरमध्ये गेज घातला होता, तर मी दिवसभर तिच्याशी बोललो नव्हतो. त्यामुळे परीक्षा संपवून ती आली, मी म्हणालो "अठ्ठावन्न झालं", आणि तिने उडी मारून माझ्या गळ्यात हात टाकले.

एक गोष्ट मात्र मला खोटी करता आली नाही. माझ्या वस्तादाची एक रीत होती. काम झालं की सिलिंडर बंद करण्याआधी स्लीव्हच्या खालच्या टोकावर, जो भाग इंजिनाच्या पोटात जातो आणि कुणाला दिसत नाही तिथे, बारीक कोरणीने माप आणि तारीख कोरायची. पुढे कधी कुणी इंजिन उघडलं तर त्याला खरं काय ते कळावं. वस्ताद म्हणायचे, माणसाशी काय बोलायचं ते बोला, लोखंडाशी खोटं बोलू नका. मी कोरणी हातात घेतली. अठ्ठावन्न कोरायला गेलो आणि हात वळेना. छप्पन कोरलं. बंद करून टाकलं.

एक खोटं बोललं की त्याची पिल्लं सांभाळावी लागतात. पंधरा दिवसांनी ती प्लग घेऊन आली. "बाबा, प्लग काळा येतोय. अठ्ठावन्नला ही जेट बरोबर बसायला हवी, मी हिशेब केलाय. पेट्रोल जास्त जातंय." अर्थात जास्त जाणार; इंजिन लहान होतं. मी प्लग उलटसुलट करून बघितला आणि म्हणालो, "हवा दमट आहे सध्या." तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या वहीकडे पाहिलं आणि वहीतला बरोबर हिशेब खोडला. पेट्रोल कमी सोडणारी लहान जेट घातली. प्लग चांगला यायला लागला. "माझंच काहीतरी चुकत होतं," ती म्हणाली.

शर्यतीत ती चौथी आली. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी ती दुसरी होती. मी दोरीला धरून उभा होतो. तिने वळण असं काढलं की शेजारचा अनोळखी माणूस शाबास म्हणाला. मग चढ लागला. तिसऱ्या गिअरमध्ये तिची गाडी रडायला लागली. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. बाकीच्यांना नुसती घरघर वाटली असेल, मला त्यात दोन मिलिमीटर ऐकू येत होते. आधी एक जण तिच्या बाजूने वर गेला, मग माथ्याजवळ दुसरा. दीड गाडीचं अंतर, जास्त नाही.

हेल्मेट काढून ती माझ्याकडे आली. दातांवर चिखल होता. मला वाटलं आता ही म्हणेल, बाबा, गाडी ओढत नव्हती. म्हणाली असती तर मी तिथेच सगळं ओकलो असतो. पण ती म्हणाली, "गाडी एक नंबर होती बाबा. मीच कमी पडले. तुमच्या कामाचं चीज केलं नाही मी." आणि माझ्याच पाठीवर हात फिरवला.

मी तिला तेव्हाही खरं सांगितलं नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट सांगतो. घरी परतताना टेम्पोत मागे गाडी बांधलेली, शेजारी ती खिडकीला डोकं लावून झोपलेली, आणि माझ्या मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. हाडं शाबूत आहेत, संघाचं खूळ संपलं. मी चक्क समाधानाने बाहेर बघत बसलो होतो.

ते समाधान महिनाभर टिकलं असेल. तिने गाडीवर चादर टाकली. नोकरी धरली. चांगली नोकरी, चांगली माणसं, तक्रारीला जागा नाही. पण तीन वर्षांपूर्वी तिला खात्याची मुख्य करत होते आणि तिने नको म्हणून कळवलं. आईने कारण विचारलं तर भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "ऐन चढावर माझा दम जातो गं. मी बघितलंय स्वतःला एकदा." मी दाराआड उभा होतो. आत जाऊन सांगायला हवं होतं. मी उलटा दुकानात आलो आणि उगाच खिळे वेगळे करत बसलो.

असा हा सगळा प्रकार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, ते त्या शनिवारी मला कळत होतं. तिने चादर ओढली, धूळ उडाली, आणि ती बाही वर करून गाडीशी बसली.

"बाबा, दहाचा पाना?"

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हणालो, "मधल्या खणात आहे."

टाकी निघाली. सायलेन्सर निघाला. हेडचे नट गंजले होते, तिने तेल सोडलं आणि वाट बघत माझ्याशी गप्पा मारायला लागली. मशीन नेणारे लोक कसे आहेत, जागेचं पुढे काय करणार, आई म्हणते तिला इथे शिवणाचं दुकान हवंय. मी हं हं करत होतो. मग नट सुटले. हेड बाजूला झालं. पिस्टनचा माथा काळा, काजळीखाली आकडा झाकलेला. नुसत्या डोळ्यांनी दोन मिलिमीटर कळत नाहीत. तिने सिलिंडर दोन्ही हातांनी धरून हलवला आणि वर उचलला.

"तुमची सही बघू," ती म्हणाली. तिला रीत ठाऊक होती. फडक्याने स्लीव्हचं टोक पुसलं आणि उजेडाकडे धरलं.

मग ती हसली. अगदी मोकळं हसली.

"बाबा! चुकीचं कोरलंत की! छप्पन लिहिलंय. अठ्ठावन्नचं छप्पन! म्हणजे तुमच्याही हातून चूक होते म्हणायची. थांबा, आईला दाखवते."

झाकली मूठ झाकलेलीच राहत होती. मी नुसतं हसायचं होतं. अगं हो, म्हातारा झालो, असं म्हणायचं होतं. गेज मीच लावला असता, मीच कापून अठ्ठावन्न पॉइंट पंचवीस केलं असतं, आणि जगाच्या अंतापर्यंत कुणाला कळलं नसतं. पण माझ्या हातच्या मापात चूक झाली असं तिला वाटलं याचाच तिला केवढा आनंद झाला होता. तिच्या हसण्याकडे बघून माझ्याच्याने ते होईना.

"चूक नाही ती," मी म्हणालो. "माप घे."

"काय?"

"गेज घे आणि माप घे."

तिने माझ्याकडे पाहिलं. हसू अजून तोंडावरच होतं. खणातून बोअर गेज काढला, पुसला, जुळवला आणि सिलिंडरमध्ये सोडला. वर, मध्ये, खाली. मग आडवा फिरवून पुन्हा वर, मध्ये, खाली. मी शिकवलं तसंच. दुसऱ्या मापाला हसू गेलं. सहावं माप तिने घेतलं तेव्हा तिचा चेहरा कारखान्यातला झाला असावा. मी तिला तिथे कधी पाहिलेलं नाही.

"छप्पन पॉइंट शून्य चार," ती म्हणाली. "झीज धरून."

"हो."

ती उलट्या पेटीवर बसली. सिलिंडर मांडीवर होता. तेलाचा डाग तिच्या कपड्यांवर पसरत होता, पण तिला भान नव्हतं. मग तिने विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"प्लग काळा येत होता तेव्हा?"

"तुझा हिशेब बरोबर होता."

"हवा दमट नव्हती."

"नव्हती."

"आणि चढावर..." ती थांबली. तिच्या डोळ्यांसमोर तो चढ चालला होता हे मला दिसत होतं. "मी तिसरा गिअर टाकला तो बरोबर जागी टाकला होता?"

"बरोबर जागी. तसं वळण त्या दिवशी दुसऱ्या कुणी काढलं नाही. अठ्ठावन्न असतं तर तू दुसरी आली असतीस. कदाचित पहिली."

"आईला माहीत होतं?"

"नाही. ती तर तुझ्याच बाजूने होती. मी घाबरलो. त्या दूधवाल्याचा एक्स-रे बघितला आणि घाबरलो. तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून लोखंडावर लिहिलं." मला वाटलं होतं हे बोलताना मी रडेन, पण डोळे कोरडे राहिले. "चुकलं माझं. फार मोठं चुकलं. रोज आठवतं."

"म्हणजे मी चांगली होते," ती म्हणाली.

हे तिने मला सांगितलं नाही. स्वतःलाच सांगून पाहिलं, एखादा नवा पाना हातात बसतो का ते बघावं तसं. मग तिचा आवाज चढला. "अकरा वर्षं, बाबा! अकरा वर्षं मी लोकांना सांगतेय, गाडी एक नंबर होती, मीच कमी पडले! ते पद नको म्हटलं मी! तुम्ही ऐकत होतात ना? तुम्ही इथेच असायचात!"

"ऐकत होतो."

"पडले असते तर पडले असते! माझं हाड होतं ते!"

मागच्या घरातून बायकोची हाक आली, काय चाललंय म्हणून. कुणीच ओ दिली नाही. भिंगरी उठून दारापर्यंत गेली. मला वाटलं, गेली. रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, बाहीने नाक पुसलं. मी कपाटाच्या तळाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तेलाच्या कागदात गुंडाळलेला एक पिस्टन होता. अकरा वर्षं दर पावसाळ्याआधी मी त्याचा कागद बदलत होतो. का, ते विचारू नका. तो मी बाकावर ठेवला, तिने आणलेल्या पिस्टनच्या शेजारी.

ती परत आली तेव्हा तिने तो उचलला. कागद सोडला. माथ्यावर आकडा होता, अठ्ठावन्न.

"हा तेव्हाचा?"

"तेव्हाचाच. तुझ्यासाठी आणलेला."

तिने दोन्ही पिस्टन दोन हातांत धरले. मग तिने आणलेला पुन्हा डब्यात घातला.

"मशीन परवा जाणार ना?"

"परवा."

"स्लीव्हमध्ये धातू आहे?"

"अठ्ठावन्नचीच स्लीव्ह आहे ती. दोन मिलिमीटर तसेच आहेत." मी सिलिंडरला हात लावला. "कापू?"

"कापा," ती म्हणाली.

मी सिलिंडर मशीनवर बसवला. मध्य साधायला मला आता वेळ लागतो. तिने मदत केली नाही आणि घाईही केली नाही. हात थरथरत होता म्हणून मी मनगट लोखंडाला टेकवून चाकं फिरवली. मशीन सुरू झालं. छप्पनची ती खोटी भिंत करड्या भुशासारखी खाली पडायला लागली. एक हात मारला, थोडा वाढवून दुसरा. तासभर तेच चाललं. कापलेलं लोखंड परत येत नाही हे मी सगळ्या जगाला सांगत आलो. राखलेलं लोखंड नंतर कापता येतं हेही खरं, पण त्याच्यासोबत राखलेलं बाविसावं वर्ष त्या भुशात कुठे सापडणार होतं?

शेवटचा हात झाला. मी मशीन बंद केलं, गेज घातला, डोळे बारीक करून काटा पाहिला, दोनदा पाहिला.

"सत्तावन्न पॉइंट पंच्याण्णव," मी म्हणालो. "पाच शतांश घासणीला राखलेत."

एरवी ती "हं" म्हणायची आणि वहीत लिहायची. त्या दिवशी तिने हात पुढे केला.

"गेज द्या."

मी दिला. तिने तो माझ्यासमोर पुसला, माझ्यासमोर नव्याने जुळवला आणि सिलिंडरमध्ये सोडला. वर, मध्ये, खाली. मग आडवा फिरवून पुन्हा. चाळीस वर्षांत माझं माप माझ्यामागून मी कुणाला घेऊ दिलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, सहाही मापं होईपर्यंत.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

घासणी करून मी तो आतून गुळगुळीत केल्यावर तिने पुन्हा सहा मापं घेतली. अठ्ठावन्न. मी सवयीने खणातून कोरणी काढली. तिने ती माझ्या हातातून घेतली, सिलिंडर आडवा करून मांडीवर धरला, आणि माझ्या छप्पनच्या खाली त्या दिवसाची तारीख आणि आकडा स्वतःच कोरायला बसली.